हिरव्या बटणातली काडी

माझ्या डाव्या बरगड्यांच्या खाली एक पंप बसवलेला आहे. तो मिनिटाला नऊ हजारांच्या आसपास फेरे घेतो. त्याची वायर पोटाच्या उजव्या अंगाला कातडीतून बाहेर येते आणि कमरेच्या डब्याला जोडली जाते. डब्यातून दोन वायरी दोन बॅटऱ्यांना जातात. दिवसा त्या बॅटऱ्या मी दोन्ही काखांत पट्ट्याने बांधून हिंडतो आणि झोपताना भिंतीतल्या प्लगला जोडून घेतो. माझ्या मनगटाला नाडी लागत नाही, कारण हा पंप रक्त ठोक्याठोक्याने ढकलत नाही, सलग ढकलतो. आमच्या कंपाउंडरने पहिल्यांदा माझा हात धरला तेव्हा तो पांढराफटक पडला. माझी बायको सोजर त्याला म्हणाली, "नाडी न्हाई त्यांला. जीभ मातर हाय. बोलून बघ."

बेंगळूरच्या इस्पितळात हृदयाची तपासणी पडद्यावर करणाऱ्या एक बाई आहेत, शांतम्मा. त्याच मला म्हणाल्या, अज्जा, म्हणजे आजोबा, घरी गेल्यावर झालं ते लिहून काढा, तुमच्यासारखे अजून पेशंट येतील, त्यांना धीर येईल. म्हणून लिहायला बसलो. पण माझं दुखणं खरं लिहायचं तर माझ्या भावाचं मरणही खरं लिहावं लागतं. सिद्राम माझा धाकटा भाऊ. पंधरा वर्षांपूर्वी तो भीमेच्या डोहात करंट लागून मेला. लाईनमन अंबादासने न विचारता लाईन सुरू केली म्हणून तो मेला, असं सगळं गाव मानत आलं. ते खोटं आहे आणि ते मी सांगितलेलं आहे. पंप चालू आहे तोवर हे निस्तरायचं आहे.

पहिला फोटो

तीस वर्षं माझं अफजलपुरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटार खोलायची, काळी तार उपसायची, नवी भरायची. भीमेच्या दोन्ही काठांवरच्या मोटारी माझ्या हाताखालून गेल्या आहेत. पंपाच्या बाबतीत मला कोणी काही शिकवू नये, अशी माझी घमेंड होती. ती या गोष्टीत पुढे येणार आहे.

पाय सुजायला लागले तेव्हा मी बूट मोठे घेतले. आडवं झोपलं की दम लागायचा, तेव्हा भिंतीला टेकून बसून झोपायला लागलो. शेवटी एकदा दुकानातच मोटार उचलताना खाली पडलो आणि मला गुलबर्ग्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीवर थंड जेल लावून पडद्यावर हृदय दाखवलं. मला वाटलं होतं मुठीएवढं काहीतरी धडधडताना दिसेल. दिसली ती ओल्या पोत्यासारखी एक पिशवी. ती आकसायचा विचार करायची आणि सोडून द्यायची. मी विचारलं, रिवाइंडिंग होत नाही का? डॉक्टर हसले नाहीत. मान हलवून म्हणाले, औषधं देतो, पण घरातल्या माणसांना बोलवा.

पहिल्या वर्षी खांद्याखाली एक डबा बसवला. ठोके भरकटले की तो आतून झटका देऊन त्यांना ठिकाणावर आणतो. त्याने मरण अडलं, पण दम काही परत आला नाही. माझा मुलगा महेश अमेरिकेत कॉम्प्युटरचं काम करतो. त्याने आणि बेंगळूरच्या इस्पितळाने मिळून या पंपाचं जमवलं. कसं जमवलं ते मला पुरतं ठाऊक नाही. महेशने फोनवर आईला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पोटात मोटार? आन् लाईट गेल्यावर?"

आमच्या गावात तेव्हा दिवसातून जेमतेम सहा तास लाईट असायची. दोन इन्व्हर्टर बसवले. तरी तिचा प्रश्न बरोबरच होता.

बांधलेले हात

ऑपरेशननंतर जाग आली तेव्हा घशात नळी होती आणि दोन्ही हात पलंगाला बांधलेले. मला वाटलं पोलिसांनी धरलं. पंधरा वर्षं मी त्याचीच वाट बघत होतो. मी ओढून एक हात सोडवला आणि समोर आलेल्या सिस्टरच्या कानाखाली मारली. तिचा चष्मा फुटला. दुसरीने हात दाबला तर मी तिला नखं मारली. चौघांनी मला धरलं. मला हे सगळं स्पष्ट आठवतं. पुढे डॉक्टर म्हणाले की गुंगीत असं होतं, मनाला लावून घेऊ नका. पण मी लिहितो आहे, कारण पुढच्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना हे आधी ठाऊक असावं. तुमचं माणूस असं वागेल, आणि त्यातलं सगळंच गुंगीचं नसेल.

ज्या सिस्टरला मी मारलं ती दुसऱ्या दिवशी दोऱ्याने बांधलेला चष्मा लावून आली आणि तिने माझी दाढी केली. वस्तरा मानेवरून फिरत असताना मी डोळे मिटून घेतले. एकदाही कापलं नाही तिने.

पंपाचा आकडा

हा पंप बसवला आणि झालं, असं नसतं. त्याचा वेग लावावा लागतो. पंधरा-वीस दिवसांनी मला फोटोच्या खोलीत नेलं. शांतम्मा बाईंनी डाव्या कुशीवर वळवलं, बरगड्यांमध्ये यंत्र टेकवलं आणि पडदा माझ्याकडेही फिरवला. बाई रायचूरकडच्या, माझ्याशी कन्नडात बोलायच्या. त्यांनी दाखवलं की हृदयाच्या दोन कप्प्यांच्या मधे एक भिंत असते. पंप हळू चालला तर डावा कप्पा फुगतो आणि भिंत उजवीकडे रेटली जाते. पंप जोरात चालला तर डावा कप्पा रिकामा होतो आणि भिंत डावीकडे ओढली जाते. भिंत मधोमध सरळ उभी राहिली पाहिजे. ती जिथे सरळ राहते तो तुमचा आकडा.

एक डॉक्टर कळ फिरवून वेग थोडा वाढवायचे, दोन-तीन मिनिटं थांबायचे, बाई पडद्यावर मापं घ्यायच्या आणि मला विचारायच्या, अज्जा, काय वाटतंय? मग पुन्हा एक पायरी वर.

इथे माझी घमेंड आली. आमच्याकडे मोटार घ्यायला आलेला शेतकरी एकच विचारतो, फुल प्रेशर देते का? जास्त फेरे म्हणजे जास्त पाणी, हे मी तीस वर्षं लोकांना सांगत आलो. एकेक पायरी चढताना मला अंगात ऊब आल्यासारखं वाटत होतं. बऱ्याच वरच्या एका पायरीवर खोली एकदम फिरली, छातीत कोंबडं फडफडल्यासारखं झालं आणि गेलं. बाईंनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं.

"तलॆ तिरुगतदा, अज्जा?" डोकं फिरतंय का?

मी म्हणालो, नाही.

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. मी हसून सांगितलं की उलट फार हलकं वाटतंय. पडद्यावर भिंत अजून सरळच दिसत होती, जराशी झुकलेली, केसभर. डॉक्टरांनी तो आकडा पक्का केला. बाईंनी कागदावर लिहिलं, पेशंटला त्रास नाही. मला माझ्या धंद्यात एखाद्याला ठकवल्यावर वाटायचा तसा आनंद झाला.

काशी

या वायरीची जिथे कातडीतून बाहेर वाट आहे ती जखम रोज धुवावी लागते. हातमोजे घालून, औषधाने पुसून, नवी जाळी लावून. इस्पितळात सांगितलं की घरचं एक माणूस हे शिकेल तेव्हाच सोडू. सोजरच्या डोळ्यांत मोतीबिंदू, हात थरथरतात. महेश चार दिवसांत परत जाणारा.

काशी म्हणजे सिद्रामची बायको. तो गेल्यापासून आमच्याच घरात आहे. आम्ही धनगर. आमच्यात थोरला दीर आणि धाकटी भावजय एकमेकांना शिवत नाहीत, समोरासमोर बोलत नाहीत. मी अंगणात आलो की ती डोक्यावर पदर ओढून दुसऱ्या दाराने आत जायची. काही सांगायचं असेल तर सोजरला सांगायची, सोजर नसली तर भिंतीकडे बघून बोलायची. चोवीस वर्षांत तिने माझ्या तोंडावर एक शब्द उच्चारला नव्हता. ती बेंगळूरला येऊन सोजरला म्हणाली की मी शिकते.

तेव्हापासून रोज सकाळी ती यायची. तोंडावर पट्टी, हातात मोजे, नजर फक्त जखमेवर. तिचे हात फार हलके. मी छताकडे बघत पडायचो. जिचा नवरा माझ्यामुळे गेला ती माझ्या पोटावर वाकलेली असायची आणि तिला वाटायचं की तिचा नवरा अंबादासमुळे गेला. पंपाचा आवाज छातीवर कान ठेवल्याशिवाय ऐकू येत नाही, पण त्या अर्ध्या तासात मला तो रोज ऐकू यायचा.

चैत्रातली लाथ

उन्हाळा लागला. आमच्याकडचं ऊन कसं असतं ते इथल्यांना सांगायला नको. मी जुन्या सवयीने पाणी बेताने प्यायचो, कारण आजारी हृदयाला पाणी कमी, हे डोक्यात बसलेलं. लघवीच्या गोळ्या चालूच. अंगातलं पाणी आटलं आणि पंप त्याच आकड्यावर ओढत राहिला.

दुपारी जेवायला बसलो होतो. छातीत फडफड झाली, ताट फिरलं, आणि मग खांद्याखालच्या डब्याने झटका दिला. म्हैस छातीत लाथ मारते तसं. मी मागे भिंतीवर आपटलो, डोकं फुटलं. सोजर धावत आली, तिने मला धरलं आणि दुसरा झटका बसला. तो तिच्या हातालाही लागला. ती ओरडून बाजूला झाली आणि परत धरायला आली. तिसरा. चौथा. एरवी असं झालं तर माणसाची शुद्ध हरपते आणि तो सुटतो. पण माझ्या पोटातला पंप डोक्याला रक्त पुरवतच होता, म्हणून मी पूर्ण जागा होतो. दर वेळी ठाऊक असायचं की येणार, आणि यायचा. दात जिभेत रुतले. काशी अंगणातून आली आणि पहिल्यांदा पदर न घेता माझ्या समोर उभी राहिली. तिने बेंगळूरचा नंबर लावला. त्यांनी सांगितलं, आहे तिथे आडवं करा, पाय वर धरा, पाणी पाजा, गुलबर्ग्याला नेऊन सलाइन लावा. माझं तोंड रक्ताने भरलेलं आणि ती त्यात तांब्याने पाणी ओतत होती.

गाडीत गुलबर्ग्यापर्यंत अजून दोन झटके बसले. मी सिद्रामला बघत होतो. तो पाण्यात असाच मागे फेकला गेला होता.

डोह

आता ते सांगतो.

त्या वर्षी भीमा आटून जागोजागी डोह उरले होते. एकेका डोहात दहा-दहा पाणबुडी मोटारी सोडलेल्या. लाईट चार-पाच तास, तीही तुटक तुटक. ती आली की ज्याची मोटार आधी सुरू होईल त्याला पाणी, बाकीच्यांना गाळ. म्हणून सगळे एक करायचे. काठावरच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबून त्यात निंबाची काडी ठोकून ठेवायची. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. माणसाने जवळ थांबायची गरज नाही. अंबादास लाईनमन यायचा आणि काड्या उपटून फेकायचा, शिव्या द्यायचा, म्हणायचा, एखादा मरंल तवा कळंल. तो बौद्ध वस्तीतला. त्याच्या शिव्या लोकांना जास्त लागायच्या.

आमच्या मोटारीच्या केबलला पाण्यात एक जोड होता. मी स्वतः टेप गुंडाळून केलेला. मी, मोटारींचा कारागीर. नवी केबल घ्यायला कंटाळा केला.

त्या दिवशी सकाळी लाईट गेली. मोटारीच्या जाळीत शेवाळ अडकलं होतं. सिद्राम कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि म्हणाला, "अण्णा, काडी काढलास न्हवं?" मी व्हय म्हणालो. काढली नव्हती. लाईट आली तर पहिली मिनिटं वाया जातील म्हणून ठेवली होती. तो वर यायच्या आत काढू, असा हिशेब.

लाईट आली. सगळ्या काठावर मोटारी एकदम घुमल्या. सिद्राम ओरडला नाही. मागे फेकला गेला आणि पाण्यात दोन-तीन वेळा उसळला. मी लाल बटण दाबलं, काडी काढून खिशात घातली आणि पाण्यात उडी मारली. बाहेर काढला तेव्हा तो गेलेला होता.

लोक धावत आले. कोणीतरी विचारलं की लाईन चालू कशी केली. मी म्हणालो, "अंबादासनं बारा वाजेपत्तूर लाईन बंद ठेवतो म्हणून सांगितलं व्हतं." तो असं काही बोलला नव्हता. उलट तो आदल्या दिवशी सांगून गेला होता की लाईट कधीही येईल. माझ्या तोंडातून ते वाक्य निघालं आणि दहा-बारा माणसं ट्रान्सफॉर्मरच्या डीपीकडे पळाली. मीही पळालो. माझ्या हातात पाइपाचा पाना होता.

अंबादास शिडीवर होता. त्याला पायाला धरून खाली ओढला. पहिला घाव मी घातला, उजव्या कोपरावर. मग सगळ्यांनी. त्याने हात जोडायला बघितलं तर उजवा हात वर येईना. तो ओरडून सांगत होता, काडी बघा, स्टार्टरला काडी बघा. ती माझ्या खिशात होती. त्याच्या जातीवरून शिव्या देत मारत होते. त्या शिव्या मीही दिल्या. मी थांबवलं असतं तर लोक थांबले असते, कारण मेलेला भाऊ माझा होता.

पोलिसांना मी तेच सांगितलं. अंबादासचा हात कोपरात कायमचा वाकला. खांबावर चढता येईना. चौकशी लागली, नोकरी गेली. एक दिवस त्याने बायको-पोरांसह सोलापूरची बस धरली. त्या वर्षांत आमच्याकडून सोलापूर-पुण्याकडे खूप लोक जात होते, त्यामुळे त्याचं जाणं कोणाच्या डोळ्यांत आलं नाही.

दुसऱ्यांदा पडद्यासमोर

बेंगळूरला पुन्हा त्याच खोलीत, त्याच कुशीवर. शांतम्मा बाईंनी यंत्र टेकवलं आणि पडद्यावर मला दिसलं. मधली भिंत डावीकडे ओढली जाऊन पंपाच्या तोंडाला चिकटायला बघत होती. डोहात पाणी कमी झाल्यावर मोटार काठाची माती ओढते, तसं. हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. विहिरीत जेवढं येतं तेवढंच ओढावं, हे मी लोकांना सांगायचो की.

मोठे डॉक्टर आत आले. जुना कागद हातात. ते बाईंवर चिडले, इंग्रजीत, पण कशावरून ते कळत होतं. भिंत त्या दिवशीही झुकलेली होती, मग पेशंटला नीट विचारलं का नाही, हा माणूस मेला असता. बाईंच्या हातातलं यंत्र माझ्या छातीवरच होतं. ते थरथरायला लागलं. त्या म्हणाल्या, मी दोनदा विचारलं होतं, सर. डॉक्टर म्हणाले, कागदावर तर त्रास नाही असं लिहिलंय, तुमच्या सहीने.

खरं सांगतो, पहिल्यांदा मनात आलं की बरं झालं, आपल्यावर येत नाही. मग छातीवरची ती थरथर जाणवली. मी कन्नडात म्हणालो, "यांनी विचारलं होतं. माझं डोकं फिरलं होतं. मी खोटं बोललो."

डॉक्टरांनी विचारलं, का? मी म्हणालो, मला फुल प्रेशर पाहिजे होतं.

कोणी हसलं नाही. वेग पायरी पायरीने खाली आणला. दर पायरीला बाईंनी विचारलं आणि मी जे होतं ते सांगितलं. आता डोकं ठीक. आता छाती शांत. आता जरा दम लागतो. भिंत सरळ उभी राहिली. नवा आकडा जुन्यापेक्षा कमी आहे. जिना चढताना मधे थांबावं लागतं. मोटार उचलणं संपलं. पण पोटातला पंप आता मधल्या भिंतीला ओढून घेत नाही.

डॉक्टर गेल्यावर बाईंनी माझ्या छातीवरचं जेल पुसलं आणि लिहून काढायचं सुचवलं ते तेव्हा.

सोलापूर

परतीच्या गाडीत आम्ही दोघंच होतो. मी सोजरला सगळं सांगितलं. वाडी जंक्शन आल्यावर म्हणाली की सोलापूरचं तिकीट आधी काढू, घरी मग. तिने गुलबर्ग्यात उतरू दिलं नाही.

अंबादास एका चादरीच्या कारखान्यात वॉचमन आहे. घर मागच्या गल्लीत. त्याने दार डाव्या हाताने उघडलं. मला ओळखलं आणि तसाच उभा राहिला. मी उभ्यानेच सांगितलं. आतून त्याची बायको आली. तिने सोजरला बसायला पाट दिला, मला नाही.

"पंदरा वर्सं झाली," ती म्हणाली, "ह्यांच्या सदऱ्याची बटनं मी लावायलेय."

अंबादास माझ्या कमरेच्या डब्याकडे बघत होता. म्हणाला, "लाईनवर जगायलास व्हय आता?"

मी व्हय म्हणालो.

"आतल्या वायरीला जोड हाय का?"

"न्हाई."

"बरं हाय." मग म्हणाला, "बिराप्पा, मला कामून सांगायलास? मला ठाऊकच हाय. मी तवा बोंबलून सांगायलो व्हतो. ज्यांनी ऐकलं न्हाई त्यांला सांग जा. आन् लिहून दे."

त्याने दार लावलं. जोरात नाही.

गावात मी बिरोबाच्या देवळापुढच्या कट्ट्यावर सांगितलं. जे मारायला होते त्यांतले सात जण जिवंत आहेत, पाच आले. बौद्ध वस्तीतली माणसं मागे उभी राहिली. मी अंबादासवर पहिला घाव कोणी घातला तेही सांगितलं. मागच्यांतला एक म्हातारा चप्पल काढून पुढे आला. माझ्या काखेतल्या बॅटऱ्या बघून त्याने हात खाली घेतला आणि माझ्या पायाशी थुंकला. मी मार खायच्या तयारीने गेलो होतो. पोटातल्या यंत्रामुळे मला आता कोणी मारू शकत नाही. हे सुख नाही. जबाब लिहून मी तालुक्याला पोलिसांत आणि वीज खात्यात दिला. त्याची पोचपावती अंबादासला पाठवली.

काशी कट्ट्यावर आली नव्हती. पण गावभर झालेलं तिला कळणारच. सकाळी ती नेहमीसारखी आली, मोजे घालून, आणि जखम धुऊन गेली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. मला वाटलं तिने गिळलं.

आठ दिवसांनी

इथवर लिहून मी वही बंद केली होती. आज पुन्हा उघडतो आहे.

आज सकाळी काशीने जाळी बदलली, चिकटपट्टी लावली, आणि हातमोजे न काढता माझ्या डाव्या काखेतल्या बॅटरीची वायर खेचून काढली. कमरेचा डबा किंचाळायला लागला. दोन वायरींपैकी एक असली तरी पंप चालतो, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मग तिने दुसऱ्या वायरीवर हात ठेवला. सोजर ओसरीवर होती. ती दारात आली आणि तिथेच थांबली.

काशी माझ्याकडे बघत होती. पदर खांद्यावर. चोवीस वर्षांत पहिल्यांदा तिने मला समोरून विचारलं.

"आदी काय केलाव? लाल बटन का काडी?"

डबा ओरडत होता. मी म्हणालो असतो की लाल बटण, तर तिला खरं कोण सांगणार होतं? तिथे दुसरं कोणीच नव्हतं. अंबादासला ठाऊक नाही. मी त्यालाही आधी लाल बटण असंच सांगितलं, कट्ट्यावरही तसंच, जबाबातही.

मी म्हणालो, "काडी."

"तवा ते जित्ते व्हते?"

"व्हय. उसळायला व्हता."

तिचा हात वायरीवरच होता. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग तिने सुटलेली वायर उचलली, टोक पदराने पुसलं, बॅटरीत बसवलं आणि फिरवून घट्ट केलं. डबा गप्प झाला. ती मोजे काढून, भिंतीकडे तोंड करून म्हणाली की जाळी संपत आली आहे, सोमवारी आणायला सांगा. आणि गेली.

ज्याच्या पोटात असा पंप बसणार आहे त्याला मला एवढंच सांगायचं आहे. त्या खोलीत बाई वेग वाढवून विचारतील, आता काय होतंय? पडद्यावर सगळं दिसत नाही, म्हणूनच त्या विचारतात.

मागे 'डोह' या भागात मी लिहिलं आहे की मी लाल बटण दाबलं, काडी काढून खिशात घातली आणि पाण्यात उडी मारली. ते वाक्य खोडलेलं नाही. कोणी वही वाचली तर त्याला दिसू दे की मी तिथेही तसंच लिहिलं. खरं असं आहे. काडी ठोकलेली असते तोवर लाल बटण दाबलं तरी मोटार पुन्हा सुरू होते, म्हणून आधी काडी काढावी लागते, असं मी पंधरा वर्षं स्वतःला सांगत आलो. पण मोटार बंद करायला काडीला हात लावायची गरज नव्हती. वरचा मोठा खटका, सगळी लाईन तोडणारा, माझ्या हातापासून वीतभर होता.

मी आधी काडी काढली. ती खिशात घातली. मग मागे वळून बघितलं, कोणी बघतंय का. मग लाल बटण दाबलं.